सध्या कोणाकडे

मंगळवार, १० फेब्रुवारी
शनिवारी लिहिलं ते चूक : ‘पुष्पाताईंनी पुस्तक अर्धवट परत केलं, आवडलं नसावं.’ आज विचारलं. आवडलं होतं. वडिलांच्या जमिनीत मुलींचा हक्क, यावरचं. आमच्या वाचनालयाच्या वेबपेजवर त्यापुढे ‘सध्या कोणाकडे’ या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव. भावाने पाहिलं. ठाकुर्लीची जमीन बिल्डरला जातेय, बहिणींनी हक्क सोडल्याच्या सह्या १७ला. भाऊ घरी येऊन म्हणाला, “काय गो, आमाला कोर्टान खेचतंस का?”
त्यांचं काहीच ठरलं नव्हतं. नुसत्या वाचत होत्या.
शनिवारचं वाक्य गिरगटून टाकलं नाही. शाळेआधी बाबा घरी शिकवायचे, तेव्हाचा नियम : चुकलं की एक रेघ, शेजारी बरोबर.

बुधवार, ११
रकाना माझ्या डोक्यातून आलेला. दिवाळी अंक कोणाकडे, हे लोक काउंटरवर विचारतातच. आम्ही सांगतो, ते एकमेकांना फोन करतात. तेच पेजवर आणलं. अंक भराभर फिरले, सगळे खूश.
पण काउंटरवर विचारणाऱ्याचं तोंड दिसतं.

शुक्रवार, १३
कार्यवाह साठेकाकांना पुष्पाताईंचं सांगून म्हटलं, रकाना काढूया. “अगं, तोच तर लोकांना आवडतो! वार्षिक सभेत दाखवायचाय. आणि पुस्तक परत आलं ना? मग बाईंचं नाव आपोआप गेलं. मिटलं.”
कुठे मिटलं. घरी आल्यावर रकाना वाचत बसले. दत्तक मूल. दारू कशी सुटेल. नैराश्य. प्रत्येकापुढे नाव, आडनाव.

शनिवार, १४
पु.ताई आल्या. पाककृतींचं मासिक घेतलं. मी हळूच, “ते पुस्तक शेल्फवर आहे, नोंद न करता…”
“नको गं बाई. तुझ्या मशीनला सगळं कळतं.” हसल्या. मला हसता येईना.
दारात थांबून म्हणाल्या, “भाऊ वाईट नाय. पण सही नाय केली तर भाऊबीजेला यायचा नाय.” मग, “शेवटचा भाग राहिला माझा.”

रविवार, १५
पुस्तक माझ्या नावावर घेतलं. पेजवर दिसतंय. भावाने बघितलं तर बघू दे.
रकाना काढणार, गुपचूप नाही. का काढला ते तिथेच लिहीन, खाली माझं नाव. साठेकाका काय म्हणतील… म्हणू देत.
पुस्तक नेऊन देणं म्हणजे ‘सही करू नका’ सांगणं होईल का? तसं बोलायचं नाही. द्यायचं, निघायचं. त्या नको म्हणाल्या होत्या. दार उघडतील?
सह्या मंगळवारी. वाचनालयाला सोमवारी सुट्टी. म्हणजे उद्याच. आधी रकाना, मग त्यांचं घर.