भिंतीखालची जाडी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद. खोकला कमी झाला का?

आपल्या घराच्या आखणीच्या सकाळी मी कपडे वाळत घालून, डबा भरून प्लॉटवर गेले, तर तुझे बाबा ओणवे होऊन फक्कीने खोल्या आखत होते. मधली रेघ मारून म्हणाले, "इकडे माझा रंधा, तिकडे तुझी पुस्तकं. भुसा नको ना तुला?"

मी म्हटलं, "भुसा चालेल हो, तुमची बडबड अडेल का या भिंतीने?"

"त्यासाठी किल्ला बांधावा लागेल," म्हणाले.

पुढे महिन्याभरात ते गेले. विटा उतरवणाऱ्यांच्या पायांनी फक्कीही गेली.

काल तुझा नवा नकाशा कॉम्प्युटरवर उघडला. तू शिकवलंस तसं घर उभं कापून पाहिलं. मधली भिंत नाही, एकच लांबलचक खोली. पण खालचा काँक्रीटचा स्लॅब मधल्या एका पट्ट्यात अजून जाडच! फोनवर तू हसलीस. "अगं आई, भिंत पुसली तरी तिच्याखालची जाडी आपोआप जात नाही. ती वेगळी काढलेली असते. राहून गेली, रविवारी पुसते."

मग म्हणालीस, एकटीला कशाला दोन खोल्या. तू माझ्याकडेच राहा, मोठी खोली भाड्याने लवकर जाईल. मी "बघू" म्हणाले. फोनवर तू मला पुढे बोलू देतेस कुठे, म्हणून लिहितेय.

ती जाडी पुसू नकोस. तिच्यावर भिंत परत ठेव, विटांचीच. पुस्तकांच्या फळ्या त्यांनी त्याच भिंतीच्या मापाने कापून ठेवल्यात. पलीकडे त्यांची हत्यारं राहतील. रंधा कोण चालवणार, हे विचारू नकोस. मलाही ठाऊक नाही.

तुझ्याकडे मी येईन, पण पाहुणी म्हणून. तुझ्या सासूबाईंशी एकदा कडाडून भांडेन आणि माझ्या घरी परत येईन. रागावलीस तरी चालेल, पण सोमवारी काँक्रीट ओतायच्या आत नकाशा पाठव.

या घरात राहणारी,
तुझी आई

शनिवार
पत्राचा फोटो तुला फोनवर पाठवायच्या आधी प्लॉटवर गेले. फक्कीने ती रेघ पुन्हा मारली आणि मिस्त्रींना सांगून तिथे त्या जाडीसाठी चर खणून घेतला.