बँकवाल्याची बायको रांगेत

ओहायो, सप्टेंबर १८७३

प्रिय टॅबिथा,

जिथे माणूस राहत नाही तिथवर रूळ टाकणाऱ्या रेल्वेत तुझ्या नवऱ्याने गावाच्या ठेवी घातल्या. न्यूयॉर्कची पेढी बुडाली, आपली गिरणी बंद पडली आणि आम्ही सगळे पैसे काढायला बँकेच्या दारात जमलो.

तू आलीस आणि सर्वांच्या मागे उभी राहिलीस.

"काय बाईसाहेब, तुम्हीही काढायलाच का?" सुतारीणबाईंनी टोमणा मारला.

"नाही हो, भरायला. आईचं शेत विकलं त्याचे आहेत. तुमचं होऊ दे आधी."

पैसे न काढताच हळूहळू रांग विरली. मीही रिकाम्या हाताने परतलो. बँकेवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी माझ्या वर्तमानपत्राच्या उद्याच्या अंकात छापणारच आहे. मग पैसे कुणाच्या भरवशावर ठेवले, हे तुझ्या नवऱ्याला कळू नये, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

तू नाकारलेला,
एमॉस