टेबलाकडे पाठ करून

७ नोव्हेंबर, शुक्रवार. मान्तोवा

पोचलो. नोवाराहून येताना गाडी दोनदा बदलावी लागली. ओर्नेल्ला स्टेशनांवरचे दोन्ही जिने न थांबता चढली. (दुसऱ्या जिन्यात थांबली, पण ते जाहिरात वाचायला.)

सुट्टीचा हेतू इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी ओर्नेल्लाची सगळी औषधं बंद केली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या, वाटेल तिथे न्या. थोडक्यात, पथ्य सुटलं! मी बाईंचा हात हातात घेऊन आभार मानले. बाई जरा गोंधळल्या. लोक आभार मानत नसावेत.

ओर्नेल्ला म्हणाली, मान्तोवा. तिचं माहेर. इतक्या वर्षांत आम्ही इथे कधी मुक्काम केला नाही, कारण तिची थोरली बहीण इनेस इथे राहते. या वेळी पूर्ण आठवडा. या जुन्या शहराचं पारंपरिक खाणंपिणं शिस्तीत शोधून काढायचं. रोज एक पदार्थ, त्याला साजेशी वाइन. ओर्नेल्लाचं वजन निदान दोन किलो वाढवायचं. मी जन्मभर सरकारी वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होतो, त्यामुळे वजन हा माझा विषय आहे. वाइनही आहे. सर्टिफिकेट आहे.

निश्चय: मी स्वतः रोज एकच ग्लास. गोड बंद. इनेसशी भांडण नाही.

संध्याकाळी इनेस हॉटेलवर आली, सोबत तिचा कुत्रा पेप्पो. दारातच म्हणाली, इन्स्पेक्टरसाहेब, हिला हॉटेलात कशाला आणून ठेवलंत, माझं घर काय जळालंय? भांडलो नाही. फक्त उत्तर दिलं. थोडं मोठ्याने.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी लेआर्कोची खानावळ. म्हातारा ऐंशीच्या घरातला, या बहिणींच्या वडिलांचा दोस्त. ओर्नेल्लाला बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, पोरी, बस, शेकोटीजवळ बस. भावनाप्रधान माणूस.

पदार्थ: तोर्तेल्ली, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्याच्या पुड्या. सारणात कडू बदामाची बिस्किटं कुस्करून घालतात. गोड लागतं, पण जेवणात आहे म्हणून निश्चयात बसतं. इथली वाइन म्हणजे लाम्ब्रुस्को: लाल, फेसाळ, आणि ग्लासात नाही, पांढऱ्या वाडग्यात देतात. मी वाडगा तिरका करून रंग बघितला, नाक घातलं. लेआर्को म्हणाला, साहेब, आमच्याकडे ती पितात, हुंगत नाहीत. गुण: शंभरपैकी एक्कावन्न. दुसरा वाडगा फक्त गुण तपासून बघायला घेतला.

ओर्नेल्लाने प्लेट चाटूनपुसून स्वच्छ केली! मी बाटलीवरचं लेबल वाचत होतो तेवढ्यात संपवलीसुद्धा. पेप्पो जेवणभर तिच्या पायांवर डोकं ठेवून बसला होता. बरं होत असलेलं माणूस जनावराला आधी कळतं, असं कुठेतरी वाचलंय.

मग तिने विषय काढला. तिला ‘बेवरीन वीन’ हवंय. इथली जुनी रीत. मांसाचं सारण भरलेल्या टिचभर पुड्यांचं कढत सूप वाडग्यात घ्यायचं, त्यात गार लाम्ब्रुस्को ओतायची, आणि जेवणाआधी, शेकोटीशी उभं राहून, टेबलाकडे पाठ करून प्यायचं. वाडगा संपला की वळून जेवायला बसायचं. पाठ कशाला, असं मी विचारलं. ओर्नेल्ला म्हणाली, बाबा गारठून घरी यायचे आणि कोटासकट शेकोटीशी उभे राहायचे. किती वाइन ओतली ते टेबलाशी बसलेल्या आईला दिसू नये, म्हणून पाठ. लेआर्को इतका हसला की खोकला लागला. मला म्हणाला, साहेब, आणू?

मी नाही म्हटलं. चांगल्या सूपाची आणि (असलीच तर) चांगल्या वाइनची एकदम माती करायची, ही कसली रीत? शिवाय क्रम ठरलेला आहे. शेवटच्या दिवशी, गुरुवारी, बघू. ओर्नेल्ला म्हणाली, देंत्सिओ, मला तेवढंच हवंय रे, बाकीचं तू खा. मी म्हटलं, गुरुवार कुठे पळून जात नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

धुकं. समोरचं तळं दिसलं नाही, सबब बघून झालं असं धरलं.

तळ्यातल्या पाईक माशाला वरून आंबट सॉस, सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड. गुण: ब्याऐंशी. ओर्नेल्लाची प्लेट आजही स्वच्छ. दोन दिवस, दोन स्वच्छ प्लेटी. डॉक्टरीणबाईंना पत्र लिहावं म्हणतो.

शेवटी स्ब्रिसोलोना नावाचा केक. मी सुरी उचलली तर इनेस किंचाळली, सुरी ठेव खाली, हा मुठीने फोडतात! मी म्हटलं, मापात कापलं की सगळ्यांना सारखं मिळतं. ती म्हणाली, तुझं माप घाल चुलीत. आणि मूठ आपटली. तुकडे उडाले. एक माझ्या मांडीवर पडला, तो टाकायचा कसा, म्हणून खाल्ला. आजूबाजूचेही आवरले. इतकं कोरडं असतं की याला गोड म्हणता येत नाही.

परत येताना ओर्नेल्ला तीनदा बाकावर बसली. चौक सुंदर आहेत, बसून बघण्यासारखे.

१० नोव्हेंबर, सोमवार

लेआर्कोची खानावळ आज बंद. नाहीतर आज सूप पाजलंही असतं.

प्रगती मोजायला ओर्नेल्लाला औषधांच्या दुकानात नेलं. तिथे वजनाचा काटा आहे. काट्याने तिला निघतानापेक्षा दोन किलो कमी दाखवलं. मी शांतपणे स्वतः उभा राहिलो. मला तीन किलो जास्त! इतका बिघडलेला काटा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त, म्हणजे दोन्हीकडून बिघडलेला. दुकानदारीणबाईंना माझी ओळख सांगितली आणि काट्याला सील ठोकायला लावीन म्हणालो. बाई ओर्नेल्लाकडे बघत राहिल्या. ओर्नेल्ला त्यांना म्हणाली, मनावर घेऊ नका, ते मापाच्या बाबतीत फार प्रामाणिक आहेत.

तळ्यांची दमट हवा. काटे गंजतात.

नवा पट्टा घेतला. जुन्याचं चामडं आकसलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रेड वाइनमध्ये शिजवलेलं गाढवाचं मांस. गुण: अठ्ठ्याऐंशी. ओर्नेल्लाची प्लेट स्वच्छ, माझी स्वच्छ. वाडगे किती झाले ते लिहीत नाही, सणाचा दिवस आहे, सान मार्तीनो.

जेवण चालू असताना पेप्पो टेबलाखाली ओकला. मांस. मी इनेसला म्हटलं, कुत्र्याला किती चारतेस? इनेसने माझ्याकडे असं बघितलं की मी रुमाल शोधायला लागलो. म्हणाली, मी चारते? चार दिवसांत माझा कुत्रा पिंपासारखा झाला, गौदेन्त्सिओ. (माझं पूर्ण नाव ती चिडली की घेते.) हिच्या तोंडात एक घास गेलेला तू पाहिलास? एक? ओर्नेल्ला म्हणाली, इनेस, राहू दे. इनेस म्हणाली, काय राहू दे, आज रात्री माझ्याकडे चल, बेवरीन वीन मी करते, याच्या क्रमाला लाव काडी. मी म्हटलं, रात्री वाइन पचायला जड. परवावर आलंय, आता मध्येच मोड कशाला?

ओर्नेल्ला म्हणाली, मी दमलेय, भांडू नका. गुरुवार तर गुरुवार.

बघा, तिला क्रम पटलाय. इनेसला मत्सर आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ओर्नेल्ला आज उठली नाही. धुक्याने सांधे धरतात. मी तिला खिडकीशी बसवणार होतो, पण ती म्हणाली, नको, इथूनच सांग बाहेर काय दिसतं. काही दिसत नव्हतं. मी तळं दिसतं म्हणून सांगितलं. बोटी घातल्या. ती म्हणाली, नोव्हेंबरात बोटी, देंत्सिओ? मग मी बोटी काढून टाकल्या.

जेवायला गेलो नाही. तिच्यासाठी मागवलेले तोर्तेल्ली टेबलावर तसेच राहिले. पेप्पो नव्हता.

तिने विचारलं, आज कुठला वार? सांगितला. ती म्हणाली, उद्या नक्की ना?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हॉटेलवाल्याने चाकांची खुर्ची दिली. इनेस आणि मी ओर्नेल्लाला तीत बसवून दुपारी खानावळीत नेलं. लेआर्कोने शेकोटी पेटवून ठेवली होती. कढत सूप, वर पुड्या तरंगत होत्या. ओर्नेल्लाने स्वतःच्या हाताने वाइन ओतली. सांडली थोडी. रंग जांभळा झाला. तिने वास घेतला आणि हसली. हे मी पाहिलं.

मग म्हणाली, मला उभं करा.

मी म्हटलं, बसूनच पी ना, काय बिघडतं? ती म्हणाली, बसून प्यायलं की ते नुसतं सूप होतं रे.

एका बाजूने इनेस, दुसऱ्या बाजूने मी. लेआर्कोने वाडगा धरला. उचललं. पाय जमिनीला टेकले, पण पायांनी तिला पेललं नाही. पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, पुरे. शनिवारी मी उभी राहिले असते.

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणायला हवं होतं.

वाडगा तसाच परत गेला. पेप्पोनेही मागितला नाही.

तिला उचलताना सगळं वजन माझ्या हातावर आलं होतं. इतकी वर्षं हाताने वजन ओळखत आलो, अदमास कधी चुकला नाही. औषधांच्या दुकानातला काटा बरोबर होता.

२४ डिसेंबर, बुधवार. मान्तोवा

इनेसकडे. मी येणार नव्हतो. तिने फोनवर सांगितलं, नोवाराला एकटा बसून कोणाला वजन करून दाखवणार आहेस, ये मुकाट्याने. ती काळ्या कपड्यांत होती, मीही. पेप्पोला डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय. तो पुष्कळ वेळ माझ्या मागे दाराकडे बघत राहिला. मग आत गेला.

नाताळच्या आदल्या रात्री इथे घरोघरी बेवरीन वीन करतात, हे मला माहीत नव्हतं. आठवडाभर इथलं पारंपरिक खाणं शोधत होतो, आणि हे माहीत नव्हतं. इनेसने दोन वाडगे भरले आणि बाटली माझ्या हातात दिली. बाटलीला लेबल नव्हतं. मी विचारलं नाही. ती म्हणाली, ओत, लाजू नकोस, बघायला कोणी नाहीये.

शेकोटीशी उभे राहिलो, टेबलाकडे पाठ करून, कोटासकट. प्यायलो.

मी म्हटलं, चांगलं लागतं. इनेस म्हणाली, हो.  

तिचा वाडगा संपला. ती वळली, खुर्ची ओढून बसली. म्हणाली, झालं का तुझं? ये, जेवायला बस.

वाडगा संपला की वळायचं असतं. टेबलाला तीन खुर्च्या आहेत. मी म्हटलं, अजून थोडं आहे.

तळाशी एक घोट होता, तो गार होईपर्यंत तसाच ठेवला.