ठेव तिथे, आलोच

ती. आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. भात आता करपत नाही. तुझा गुडघा कसा आहे? दादा डॉक्टरकडे नेतो की नुसतं हो-हो करतो?

माझं संशोधन नेमकं काय, असं तू विचारलं होतंस. बाबांच्या कॉलेजच्या तासांचे व्हिडिओ मुलं कुठे थांबवतात, कुठे मागे नेऊन पुन्हा बघतात, ते मी तपासते. पुन्हा बघितलेला भाग अवघड, असं आम्ही धरतो. बघणाऱ्याचं नाव आम्हाला कळत नाही.

बाबांनी घरून घेतलेले तासही त्यात आहेत. त्या वर्गातली मुलं केव्हाच पास होऊन गेली. तरी कुणीतरी एकच जण रोज, आपल्याकडच्या चहाच्या वेळेला, एकाच तासातली एकच जागा पुन्हा पुन्हा बघतं. तिथलं गणित सोपं आहे. तिथे तू कप घेऊन येतेस आणि बाबा फळ्याकडून मान वळवून म्हणतात, "ठेव तिथे, आलोच."

आमच्या मॅडम म्हणाल्या, "हा विद्यार्थी दिसत नाही, याची नोंद काढून टाक." काढली मी. नियमच आहे तो.

रडू नकोस असं लिहिणार होते. मला तरी कुठे जमतंय?

तू लावतेस तेव्हा इथे पहाट असते. आता मीही तेव्हाच लावते. फक्त ते आलोच म्हणतात म्हणून थांबून राहू नकोस गं. तुझा चहा गार व्हायच्या आत पी.

तुझीच,
धाकटी