पावडर पुऱ्या मापाची होती

अण्णा, मच्छर मरत नव्हते ते तुमच्यामुळं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेली आवडायची नाही. बाकीचं सावकाश सांगते. तुम्ही फवारणीच्या पावडरीत पाणी जास्त घातलं नव्हतं आणि पावडर कुणाला विकलीही नव्हती. हे मला ठाऊक होतं, मायलाही ठाऊक होतं. पण घरच्यांना ठाऊक असून काय उपयोग? दोन महिन्यांपूर्वी आपल्याच गल्लीतल्या मच्छरांनी, माझ्याच ओट्यावर, शेजारच्या काकूंच्या डोळ्यांदेखत साक्ष दिली, तेव्हा कुठं ते खरं झालं.

तुम्ही हिवताप खात्याच्या फवारणीवर हंगामी होता ते दिवस मला स्वच्छ आठवतात. श्रावण लागला की तुमची टोळी गावात यायची. एक जण बादलीतल्या पंपावर पाय देऊन उभा, आणि तुम्ही तोंडाला फडकं बांधून, लांब नळी धरून, भिंतीवर वरून खाली असे सरळ पट्टे ओढताय. बाया भांडीकुंडी अंगणात आणून ठेवायलात, कुणी कणगीवर गोधडी टाकतंय, कुणी देवघराच्या दारात आडवी उभी राहतेय. पहिल्या वर्षांत तुमची काय बडदास्त होती! पावडरीनं ढेकूण पटापटा मेले, तेवढ्यावर लोक खूश. मच्छरांचं कुणी विचारतच नसे. प्रत्येक घरी चहा व्हायचा आणि संध्याकाळी तुम्ही मायला म्हणायचे, आज जेवायला वाढू नको, पोटात नुसता चहा हिंदकळायलाय. फवारणी झालेल्या दारावर तुम्ही गेरूनं तारीख लिहायचे. माझी शाळा चौथीत सुटली, पण ती दारं वाचत मी गावभर फिरायचे. अक्षरं माझ्या हाताखाली राहिली ती त्या दारांमुळं.

तुमचं भांडण एकाच गोष्टीवरून असायचं, ते म्हणजे सारवण. तुम्ही पट्टे ओढून गेलात की चार-आठ दिवसांत बाया पांढरी माती कालवून भिंती सारवून काढायच्या. मच्छर भिंतीवर बसणार, पावडर त्याच्या पायाला लागणार आणि तो मरणार, असा सगळा हिशेब; आणि पावडर तर मातीखाली गाडलेली. तुम्ही घरोघरी हात जोडायचे. वैनी, दोन महिने भिंतीला हात लावू नका. वैनी हो म्हणायच्या आणि तुमची पाठ फिरली की माती भिजवायच्या. त्यात मधे नवरात्र. दसरा काढायचा म्हणजे घर वरपासून खालपर्यंत धुऊन, सारवून निघालं पाहिजे. औषधाच्या पट्ट्यांच्या भिंतीपुढं घट कोण बसवणार? माय तर सारवण्यात गावात पहिली. तुम्ही नोकरीवर निघालात की तिच्या हातात पोतेरा.

मग एका वर्षी गल्लीत थंडीतापानं माणसं लोळली. काकूंचा थोरला महिनाभर हुडहुडत पडला होता. फवारणी होऊनही ताप कसा, असं लोक तुम्हालाच विचारू लागले. तुम्ही पारावर सर्वांसमोर सांगितलं की यंदा माझ्या घराची भिंत सारवली जाणार नाही, बघा एक तरी मच्छर टिकतो का. मायनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, बरं. घटस्थापनेला आपलं एकच घर पट्ट्यापट्ट्यांचं. हळदीकुंकवाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि माय त्यांना ताठ मानेनं कुंकू लावायची. तिनं तुमच्यासाठी काय काय केलं असेल, पण एवढं मोठं दुसरं काही केलं नसेल.

आणि मच्छर आले. त्याच भिंतीवर, तुमच्याच पट्ट्यांवर, पाय रोवून, शेपूट वर करून बसले. काकू सकाळी आल्या, भिंतीशी नाक नेऊन उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या, "भिंत तर सारवली न्हाई. मग पावडर गेली कुठं?" संपलं. तुम्हीच मांडलेली परीक्षा तुमच्यावर उलटली. कुणी म्हणालं कापसावर मारायला विकली, कुणी म्हणालं बादलीत नुसता चुना होता. पुढच्या हंगामाला तुम्हाला बोलावणं आलं नाही. तुम्ही मानवतला जिनिंगमध्ये जाऊ लागलात आणि पारावर बसणं सोडलं. माझं लग्न गावातल्या गावात, आपल्याच गल्लीत झालं, तेव्हा सासरी नवी सून म्हणून नाही, पावडरवाल्याची लेक म्हणून ओळखायचे.

आता इकडचं सांगते. हे जाऊन सहा वर्षं झाली. कापूस घालायला मानवतला गेले की हे माझ्यासाठी वाचनालयातून पुस्तक आणायचे, हाताला लागेल ते; एकदा विहिरी खणण्याचं आणलं, तेही मी शेवटपर्यंत वाचलं. आता मीच एसटीनं जाते. घर पुढून सिमेंटचं झालंय, मागचा गोठा मात्र अजून मातीचा आहे, आणि त्या गोठ्यापायीच ती मुलगी दारात आली. उजाडायच्या सुमारास. पालमकडची, आरोग्य खात्याची, गळ्यात बॅटरी आणि हातात काचेची वाकडी नळी. म्हणाली, "आजी, तुमच्या गोठ्यातले मच्छर पाहिजेत, जिवंत." मी म्हटलं, बाई, सगळे ने, निवडत बसू नको.

ती म्हशीच्या मागं उकिडवी बसली आणि नळीनं एकेक मच्छर तोंडानं ओढून डबीत सोडू लागली. म्हशीनं दोनदा शेपटीनं तिच्या तोंडात मारली. ती हसली, डब्या भरत राहिली. मग ओट्यावर नळकांडी मांडली. एकात नव्या औषधाचा कागद, एकात जुन्या पावडरीचा, एकात साधा कोरा. तासभर मच्छर त्यात ठेवायचे, मग स्वच्छ नळकांड्यात काढायचे, वर साखरपाण्याचा कापूस, आणि दुसऱ्या दिवशी कोण मेलं ते बघायचं. जुनी पावडर म्हटल्यावर मी चुलीपुढून उठून आले. कुठली पावडर ते तीनदा विचारलं. तीच, अण्णा. तुमचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना मी स्वतः हाताला धरून आणलं. काकू आता नव्वदीच्या पुढं गेल्यात, पण नजर शाबूत आहे आणि जीभही. नव्या औषधाच्या नळकांड्यात बहुतेक मच्छर उताणे पडलेले. तुमच्या पावडरीच्या नळकांड्यात मात्र मच्छर भिंतीवरून मजेत फिरत होते, एकदोन सोडले तर सगळे. काकूंनी नळकांडं उन्हात धरलं, फिरवून बघितलं.

"त्या कागदाला पावडर कमी लावली आसंल," त्या म्हणाल्या.

"न्हाई आजी, कागद मापानं तयार होऊनच येतो. आपल्याला त्यात काही करता येत न्हाई."

"मग मरंनात कसे?"

मुलीनं कापसावरच्या, औषधाला दाद न देणाऱ्या बोंडअळीचं उदाहरण दिलं आणि मला तिथंच उमगलं. हजार मच्छरांत दोन-चार जन्मतःच असे असतात की त्या औषधानं मरत नाहीत. बाकीचे मेले की हेच उरतात, हेच अंडी घालतात, आणि पुढं सगळा गोतावळा ह्यांचाच. मच्छर काही शिकत नाही. आपणच दरवर्षी एकच औषध मारून मरणारे काढून टाकतो आणि न मरणारे ठेवतो. मी विचारलं, पण हे आत्ताचं, माझ्या लहानपणी काय? ती म्हणाली, आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवतात की ह्या कापसाच्या मुलखात, जिथं शेतातही तसलीच औषधं पडायची, ती पावडर फार लवकर बाद झाली. नवं औषधही एकट्याच्या भरवशावर ठेवलं तर तसंच बाद होईल. म्हणून हौद आठवड्याला कोरडा करा, विहिरीत गप्पी मासे सोडा, मच्छरदाणी लावा.

काकूंनी नळकांडं ओट्यावर ठेवलं. मग मला म्हणाल्या, "तुझ्या बापानं माझ्यापुढं हात जोडले व्हते, वैनी सारवू नका म्हणून. मी दुसऱ्याच दिशी सारवली." आणि थोड्या वेळानं, "मानूस खरा व्हता गं." मुलीकडं वळून म्हणाल्या, पावडर मानसानं खाल्ली म्हनत व्हतो आमी, ती मच्छरांनीच पचवली की. आणि अशा हसल्या की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

तुमचं नाव खराब करायला त्यांना एक सकाळ लागली होती. ते धुऊन काढायलाही एकच लागली. दुपारपर्यंत पारावर, पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडं काकूंचा आवाज. आता दर शनिवारी त्या गल्लीतून काठी टेकत जातात आणि प्रत्येक ड्रमवर टकटक करतात. कुणाच्या ड्रमात जुनं पाणी सापडलं तर त्याच्या बापाचा उद्धार करतात, पण तुमचं नाव घेताना "अण्णा" म्हणतात. आधी नुसतं "तो" म्हणायच्या.

त्या दिवशी मी पुरण घातलं. सण नव्हता. मुलीला चार पोळ्या बांधून दिल्या, काकूंना कुस्करून दुधात दिली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. एक कबूल करते. नळकांड्यातले मच्छर फिरताना बघितले तेव्हा मी पहिल्यांदा घरात वळून ह्यांना हाक मारली. आवाज अर्धा बाहेर पडला आणि मग आठवलं. त्यानंतर सुनेला सांगितलं, एसटीतल्या बाईला सांगितलं, वाचनालयातल्या माणसाला सांगितलं, सुनेला परत सांगितलं. आता गावात मला बघून लोक म्हणतात, पावडरीचं ना, ऐकलंय. ऐकणारं दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठं तुम्हाला लिहायला बसलेय. गोष्ट तुमची आणि तुम्हालाच सगळ्यात शेवटी सांगतेय, अण्णा.