पालकांची सही

ती. ताईस बाळ्याचा वाकून नमस्कार.

बाबांच्या ट्रंकेची कडी खळ्ळकन वाजायची, आठवतं? तीच ट्रंक घेऊन आज वसतिगृहात राहायला आलो. शाळेत पाठ केलेल्या कविता या वयात कॉलेजात शिकायच्या म्हटल्यावर तुझ्या भावजयीने अबोला धरला, म्हणून सामान एकट्यानेच वर चढवलं. खोली हवेशीर आहे, काळजी नको. गादी तेवढी पलंगाबाहेर लोंबते.

पण वैताग ऐक! रेक्टर म्हणतात, "आजोबा, संध्याकाळपर्यंत पालकांची सही आणा, नाहीतर खोली सोडा."

"अहो, माझे पालक केव्हाच देवाघरी गेले!"

"मग घरी तुम्हाला रागावणारं कुणी असेलच की!"

असो. तुझे गुडघे कसे आहेत? थांब, दार वाजलं.

ताई, दारात तुझी भावजय! काखेत माझी उशी, हातात खाली रेक्टरांनी दिलेला फॉर्म. अबोला मोडून पहिलंच वाक्य, "पालकांनी सही कुठे करायची?"

पालक मिळालेला,
तुझा धाकटा