साखर मात्र नॉर्मल आहे

प्रिय खारूताई,

परवा हॉस्टेलला निघताना तू नेहमीसारखी गळ्यात पडली नाहीस. चिडणं बरोबरच होतं. जेवताना तू तुमच्या कॉलेजच्या आरोग्य-जागृती गटाचं सांगत होतीस: एचआयव्ही, कंडोम, तपासणी, सगळं ‘जरा मीठ दे’ म्हणावं इतक्या सहज. काका म्हणाला, “डॉक्टरीणबाई, आधी ताट संपवा!” बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला, आणि मी “पुरे हं आता” म्हणून तुला गप्प केलं. ते लाजेपोटी नव्हतं, असं डायरीत लिहिलं आणि लगेच खोडलं. लाज होतीच. पण तेवढीच नव्हती.

त्याआधी गॅलरीत तू मैत्रिणीशी फोनवर बोलत होतीस, ते मी कपडे वाळत घालताना ऐकलं. “अगं वेडे, त्याच्यावर संशय घे असं कुठे म्हणतेय मी? दोघांनी मिळून जा. मी केलीय टेस्ट, जिवंत आहे ना?” तू खळखळून हसलीस. मी मात्र ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले.

बाबांची निम्मी नोकरी जहाजावर गेली. कुठल्या बंदरात काय खाल्लं, हे ते रंगवून सांगायचे; त्यापलीकडे मी कधी विचारलं नाही. न विचारण्यालाच मी विश्वास म्हणत आले. आता ते कायमचे घरी आलेत. सकाळी माझ्या आधी उठून चहा करतात, माझा चष्मा पुसून ठेवतात. अशा माणसाला हे विचारायचं तरी कसं? आणि नाही विचारलं, तर मनातलं हे जाईल कसं?

तू गेल्यावर मी धीर केला. म्हटलं, “आपण दोघं एकदा रक्त तपासून घेऊ या का?” ते लगेच म्हणाले, “चल की! कसली तपासणी?” आणि माझ्या तोंडून निघालं, “साखरेची.” दुसऱ्याच दिवशी उपाशीपोटी जाऊन आलो. साखर नॉर्मल आहे, दोघांचीही. बाबा खुशीत आहेत. मला हसावं की रडावं कळेना.

म्हणून हे पत्र. या रविवारी ये. राग असला तरी ये. टीव्ही मी बंद करीन, तू आमच्या दोघांच्या मध्ये बस. तो एक शब्द तेवढा तू उच्चार. पुढचं सगळं मी बोलेन.

तुझीच,
अजून शिकणारी आई